आल्टडॉर्फचा घड्याळजी

इ. स. १६५६ च्या जानेवारीत शिवाजी महाराजांनी जावळी घेतली, हे आमच्या शाळेतला कोणताही मुलगा सांगेल. त्याच्या आदल्या वर्षी, म्हणजे १६५५ साली, जर्मनीतील न्यूरेंबर्गजवळच्या आल्टडॉर्फ गावी बावीस वर्षांच्या एका घड्याळजीने स्वतःसाठी तीन चाकांची गाडी केली, हे मात्र मलाही पुष्कळ उशिरा कळले. त्याचे नाव श्टेफान फार्फलर. तो पायांनी अधू होता.

त्याचा जन्म १६३३ चा. तीस वर्षांचे युद्ध तेव्हा ऐन भरात होते. आदल्याच वर्षी गुस्ताव्ह आडोल्फ आणि वालेनश्टाइन यांच्या फौजा न्यूरेंबर्गशी महिनोन्‌महिने समोरासमोर तळ देऊन बसल्या होत्या, आणि तोफांपेक्षा उपासमारीने व रोगराईनेच अधिक माणसे नेली. अशा मुलखात चालता न येणाऱ्या मुलाचे काय होत असेल, याची कल्पना करायला कादंबरीकार असण्याची गरज नाही. परंतु न्यूरेंबर्ग हे घड्याळांचे शहर. पेटर हेन्लाइनने बाळगता येईल असे लहान घड्याळ तेथेच केले, त्याला तेव्हा शतक उलटून गेले होते. बसून करता येण्याजोगा आणि मान देणारा असा धंदा त्या भागात होता, हे या मुलाचे नशीब.

त्याआधी चाकांच्या खुर्च्या नव्हत्या असे नव्हे. स्पेनचा राजा दुसरा फिलिप संधिवाताने जर्जर झाला, तेव्हा १५९५ मध्ये जेहान लेर्मित याने त्याच्यासाठी पाठ मागे कलणारी, पाय टेकायला फळी असलेली खुर्ची आखली. खुर्ची उत्तम, पण ती ढकलायला सेवक लागत. राजाला त्यात काय अडचण? हाक मारली की माणूस हजर. न्यूरेंबर्गमध्येच योहान हाउट्श याने १६४९ च्या सुमारास आपोआप चालणारा म्हणून एक रथ केला. त्यावर पाणी उडविणारा सर्प आणि तुताऱ्या फुंकणारे देवदूत होते. आत दडलेली माणसे दांडे फिरवीत असावीत, असे मानतात. तो रथ स्वीडनच्या राजपुत्राने विकत घेतला.

फार्फलरच्या गाडीवर ना सर्प, ना देवदूत. खोक्यासारखी बैठक, मागे दोन चाके, पुढे एक. छातीसमोर हाताने फिरवायचे दांडे आणि दातेरी चाकांच्या योगाने त्यांची फिरकी पुढच्या चाकाला दिलेली. बस्स एवढेच. पण यात घड्याळजी दिसतो. भारावर चालणाऱ्या घड्याळात मोठे चाक सावकाश फिरते आणि लहानांना पळविते. गाडीत प्रश्न उलटा. हाताला पायाचा जोर नाही. जोर वाढवायचा तर वेग सोडावा लागतो. शिवाय रबरी धाव नाही (हवेचा टायर डनलॉपने १८८८ साली आणला), छर्‍यांचे बेअरिंग नाही, सायकलची साखळी नाही. त्या काळच्या रस्त्यावर हा तरुण खांद्यांच्या बळावर निघाला असेल, तेव्हा त्याला फार लांब जाता आले नसेल. पण कोणाला हाक न मारता जाता आले, आणि मनात आले तेथे थांबता आले.

ठरावीक वेळाने वाळूचे घड्याळ उलटे करणारे एक यंत्रही त्याने केले होते. ऑक्टोबर १६८९ मध्ये तो वारला. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी, १८१७ साली, ड्राइसने आपली दुचाकी काढली. सायकलचा इतिहास बहुधा त्या धडधाकट, पायाने जमीन रेटणाऱ्या गृहस्थापासून सांगतात. मला ते पटत नाही.

आपल्याकडची हाताने चालवायची तीनचाकी सर्वांच्या पाहण्यातली आहे. कानपूरचा सरकारी कारखाना १९७२ मध्ये स्थापन झाला, आणि १९८१ पासून केंद्राच्या योजनेतून अशी साधने देऊ लागले. गाडी मिळते हे थोडे नव्हे. परंतु ती एकाच मापाची असली, तर माणसाने गाडीच्या मापाचे व्हावे लागते.

आमच्या वर्गातल्या एका मुलाची अशीच गाडी होती. दांडा वरच्या फेऱ्यात गेला की त्याचा खांदा कानाला लागे. शेवटी आम्ही ती बाजारातल्या सायकलवाल्याकडे नेली. दांडा आखूड केला तर जोर जास्त लागेल, हे त्या कारागिराने मला समजावले, मुलाला नव्हे. मग मागे जास्त दात्यांचे फ्रीव्हील घालायचे ठरले. "किती कापू, गुरुजी?" त्याने हातात करवत घेऊन मला विचारले. मी काही बोलण्याआधीच मुलगा गाडीवर चढून बसला, हात लांब केला, दांड्यावर नखाने खूण केली आणि म्हणाला, "इथं."