हलव्याचे दागिने : थोडा इतिहास आणि आमची आक्का



हल्ली मुलांच्या वाढदिवसाला 'कँडी ॲपल' करायची टूम निघाली आहे. आमच्या मुळशीत नव्या सोसायट्या झाल्या, तिथल्या हौशी आया घरीच करतात. सफरचंदाला काडी खोचायची, साखरेच्या लालभडक पाकात ते बुडवायचं आणि वरून रंगीत दाणे, चांदीसारखे मणी चिकटवायचे. दिसतं झकास! आमच्या लहानपणी सफरचंद म्हणजे आजाऱ्याला बघायला जाताना न्यायचं फळ. त्याला असं नटवलेलं पाहून मला गंमत वाटली, आणि शिक्षकी सवयीप्रमाणे मी त्याचं मूळ शोधायला बसले.

अमेरिकेतल्या नेवार्क गावच्या विल्यम कोल्ब नावाच्या मिठाईवाल्याने १९०८ साली नाताळसाठी दालचिनीच्या स्वादाचा लाल पाक केला, दुकानाच्या काचेत मांडायला म्हणून त्यात सफरचंदं बुडवली, आणि लोकांना ती शोभेची सफरचंदंच हवीशी झाली, असं सांगतात. म्हणजे पदार्थ त्यांचा. पण शब्द? 'कँडी' हा शब्द आपल्या संस्कृत 'खंड'पासून निघाला. फारसीत तो 'कंद' झाला, अरबीत 'कंदी', तिथून फ्रेंच आणि मग इंग्रजी. आपल्या खडीसाखरेचाच तो लांबचा नातेवाईक म्हणा ना.

आणि साखरेने नटवायचंच म्हटलं तर आपल्याकडे काय कमी आहे? संक्रांतीचा काटेरी हलवा आणि त्याचे दागिने! नव्या नवरीचा पहिला संक्रांतसण, तान्ह्या बाळाचं बोरन्हाण. काळी चंद्रकळा नाहीतर काळं झबलं आणि त्यावर पांढरेशुभ्र दागिने. नवरीला तन्मणी, चिंचपेटी, बाजूबंद, नथ, कंबरपट्टा. बाळाला मुकुट आणि बासरी. जावयालाही हार, नारळ, आणि मनगटी घड्याळसुद्धा हलव्याचंच. बोरन्हाणात बाळाच्या डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, चुरमुरे, हरभऱ्याचे घाटे ओतायचे आणि जमलेल्या पोरांनी ते लुटायचे. ती आमची 'पार्टी'.

'हलवत बसतात म्हणून हलवा' असं लहानपणी आम्हाला सांगत. ते खरं नाही बरं का! हलवा हा अरबीतून आलेला शब्द, अर्थ गोड पदार्थ. पण ज्याने कुणी ही व्युत्पत्ती रचली त्याने हलवा होताना नक्की पाहिलेला असणार. तीळ, खसखस, साबुदाणा, भोपळ्याच्या बिया, लवंगा असं काहीतरी आधी किंचित भाजून परातीत घ्यायचं. परात मंद शेगडीवर. साखरेचा पाक करताना दूध घालून मळी काढायची, पाक गाळून घ्यायचा. मग चमचाभर पाक आणि बोटांनी हलवणं. तो थर वाळला की पुन्हा चमचाभर. पाक जास्त पडला तर दाणे एकमेकांना चिकटतात, विस्तव वाढला तर पांढरा रंग जातो. दाण्यावर जिथे जरासा उंचवटा येतो तिथे पुढचा पाक आधी लागतो, म्हणून तो उंचवटा वाढतच जातो. तोच काटा. याला कोरडी थंडी लागते. आमच्या मुळशीत पावसाळ्यात मीठसुद्धा पाझरतं, तिथे हे काम पौषातच जमायचं, तेही आभाळ नसेल तर.

गंमत म्हणजे असा काटेरी दाणा जपानातही आहे. त्याला 'कोन्पेइतो' म्हणतात. मूळ शब्द पोर्तुगीज, 'कॉन्फेइतो'. लुईस फ्रोइस या पोर्तुगीज धर्मोपदेशकाने १५६९ साली ओदा नोबुनागा या सरदाराला काचेच्या भांड्यातून हे दाणे नजर केले होते. तापलेल्या, फिरत्या कढईत पाक घालत घालत एकेक घाणा व्हायला दोन आठवडेही लागतात. तोराहिको तेरादा नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने या काट्यांवर लिहूनही ठेवलं आहे. आमच्याकडे मात्र काट्यांचं शास्त्र शेगडीपाशीच राहिलं, कागदावर कोण उतरवणार?

आता साखरेबद्दल. हलवा ही प्राचीन परंपरा वगैरे आपण म्हणतो, पण इतकी पांढरी साखर साध्या घरात कुठून येणार? आमचा मुलूख आंबेमोहराचा, उसाचा नव्हे. घरात रोजचा गूळ, साखर सणाची. जुनी माणसं पांढऱ्या साखरेला 'मोरस' म्हणत, कारण ती मॉरिशसहून बोटीने यायची. पुढे जावाची साखर आली. १९०५नंतर स्वदेशीच्या चळवळीत या परदेशी साखरेवर बहिष्कार पडला. ती शुद्ध करायला हाडांचा कोळसा वापरतात हे कळल्यावर सोवळ्यातल्या लोकांना तर ती नकोच झाली. १९३२ साली देशी साखरधंद्याला संरक्षण देणारा कायदा आला आणि कारखाने वाढले. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून उभ्या राहिलेल्या सहकारी कारखान्याचा पहिला हंगाम १९५०-५१चा. म्हणजे माझ्या जन्माच्या आसपासचा!

तरीसुद्धा साखर सहज मिळायची असं नाही. साठच्या दशकात ती रेशनकार्डावर मोजून मिळे. आमच्याकडे दिवाळीपासून दर आठवड्याला वाटीभर साखर एका डब्यात बाजूला पडायची. हलव्याची साखर म्हणून त्या डब्याला कुणी हात लावत नसे. आम्हा मुलांचा चहा त्या दिवसांत गुळाचा.

तो डबा आक्काच्या ताब्यात असे. आक्का म्हणजे माझी आत्या. विशीच्या आत नवरा गेला आणि ती माहेरी परत आली. घरातला हलवा तिच्या हातचा. पहाटे शेगडी पेटवून बसायची ती ऊन चढेपर्यंत. बोटांची टोकं पोळून लाल व्हायची, मग रात्री खोबरेल लावायची. दागिने गुंफायचीही तीच. हलवा सुईने टोचला तर फुटतो, म्हणून दुहेरी दोऱ्यात एकेक दाणा पकडून गाठ मारायची. पुठ्ठ्यावर जरीची किनार, मध्ये बेगड. गावातल्या सगळ्या नवऱ्या मुलींचे दागिने आमच्या माजघरात तयार होत.

आणि हळदीकुंकवाच्या दिवशी दारातून बायका येऊ लागल्या की आक्का मागच्या पडवीत जायची. कुणी तिला जा म्हणत नसे. म्हणायची गरजच नव्हती. दागिने नवरीच्या अंगावर चढवायचं काम सवाष्णीचं. तिने गुंफलेली नथ नाकात कशी बसते ते तिला बघायला मिळत नसे. आई तेवढी नंतर तिला सांगायची, "वन्सं, तन्मणी फार शोभला हो." आक्का म्हणायची, "दोरा ढिला नव्हता ना पडला?"

हे एका घरापुरतं नव्हतं, म्हणून इतिहासात घालते आहे. आमच्याच वाटेवर, कोथरूडच्या अलीकडे हिंगण्याला, अण्णासाहेब कर्व्यांचा विधवांसाठीचा आश्रम १९०० सालापासून होता. शिकलेल्या, पायावर उभ्या राहिलेल्या बायका तिथून बाहेर पडत होत्या. पण तिथून पौडपर्यंतचं अंतर हळदीकुंकवाच्या बाबतीत फार मोठं होतं. आपण 'घरगुती कला' म्हणून ज्यांचं कौतुक करतो, त्या कलांना लागणारा वेळ घरात कोणाकडे होता, हेही विचारायला हवं. मला वाटतं, हलव्यासारखी चार-चार दिवस खाणारी कामं पुष्कळ घरांत अशाच बायकांच्या वाट्याला आली असतील. त्यांना दुसरीकडे कुठे जायचंच नसे.

पुढे दागिने विकत मिळू लागले. पुण्यात तुळशीबागेत पौष लागला की हारीने मांडलेले दिसतात. हलवा यंत्रात फिरवून होतो, दाणे एकसारखे. मुलींच्या नोकऱ्या असतात, परातीपाशी बसायला कोण मोकळं आहे? यात मला वाईट वाटत नाही. आक्काची बोटं मी पाहिलेली आहेत.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन करणारं परिपत्रक काढलं. ते वाचून पुढच्या संक्रांतीला आमच्या इमारतीतल्या सुनांनी सगळ्यांनाच हळदीकुंकवाला बोलावलं. नवरा गेलेल्या तिघी आल्या. एकीने कुंकू लावून घेतलं, वाणही घेतलं. दुसरीने फक्त तिळगूळ घेतला. तिसरी थोडा वेळ दारापाशी थांबली. आत बोरन्हाणाचं बाळ बसलं होतं आणि त्याचा मुकुट सारखा घसरत होता. ती पुढे झाली, दोरा दोन पदरी केला आणि मागून गाठ मारून दिली.