शिडी नव्हे, झुडूप : घोड्याच्या कुळाचा इतिहास

कोल्हापुरात कावळा नाक्यावर महाराणी ताराराणींचा अश्वारूढ पुतळा आहे. मराठ्यांचा इतिहास घोड्याच्या पाठीवर घडला, हे तेथे कुणाला वेगळे सांगावे लागत नाही. पण घोड्याचा स्वतःचा इतिहास या भूमीच्या पाषाणात सापडायचा नाही. हा काळा खडक साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे. अश्वकुळाचे आद्य अवशेष त्यानंतर सुमारे एक कोटी वर्षांनी आढळतात.

त्या अवशेषांच्या वर्गीकरणाची कथा उद्‌बोधक आहे. १८४१ साली रिचर्ड ओवेन यांनी इंग्लंडमध्ये सापडलेल्या एका लहानशा प्राण्याला 'हायराकोथेरियम' हे नाव दिले, तेव्हा घोड्याशी त्याचे नाते त्यांच्या ध्यानातही आले नव्हते. पुढे १८७० च्या दशकात ओथनिएल मार्श यांनी अमेरिकेतील अवशेष ओळीने मांडले. अनेक बोटांच्या चिमुकल्या प्राण्यापासून एका खुराच्या घोड्यापर्यंत चढत जाणारी ही शिडी पाठ्यपुस्तकांत रुजली. प्रत्यक्षात ते अनेक फांद्यांचे झुडूप आहे, हे जॉर्ज गेलॉर्ड सिम्प्सन यांनी १९५१ च्या 'हॉर्सेस' या ग्रंथात विस्ताराने दाखवले. आज तर ओवेन यांच्या मूळ प्राण्याला अनेक अभ्यासक घोड्यांच्या नव्हे, एका नामशेष शेजारकुळात बसवतात.

या झुडुपाच्या दोन फांद्या भारतातही पोहोचल्या. तीन बोटांचा 'हिप्पेरियन' सुमारे १ कोटी १० लाख वर्षांपूर्वी अमेरिकेतून जुन्या जगात आला आणि शिवालिकपर्यंत पसरला. त्यामागून, सुमारे २६ लाख वर्षांपूर्वी, एका खुराचा 'इक्वस' आला. ह्यू फाल्कनर आणि प्रोबी कॉटली यांनी शिवालिकमधल्या जातीला 'सिवालेन्सिस' आणि नर्मदेकाठच्या जातीला 'नमादिकस' ही नावे दिली.

वादाचे मूळ येथेच आहे. ऋग्वेदातील अश्वमेधसूक्तात घोड्याच्या चौतीस बरगड्यांचा उल्लेख आहे. आजच्या घोड्याला सामान्यतः छत्तीस असतात. यावरून वैदिक घोडा म्हणजे शिवालिकचाच वंशज, असा तर्क लढवला जातो. परंतु शिवालिकच्या घोड्याची ओळख मुख्यत्वे दात, कवटी व पायांच्या हाडांवरून ठरते, आणि बरगड्यांची संख्या एकाच जातीतही बदलते. शिवाय 'इक्वस' या नावात गाढव आणि झेब्राही सामावतात. अनेक अभ्यासक शिवालिकची जात त्यांच्याच जवळ ठेवतात. पाळीव घोड्याचे मूळ व्होल्गा-डॉन नद्यांच्या प्रदेशात, सुमारे ४,२०० वर्षांपूर्वी असल्याचे २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या प्राचीन डीएनएच्या संशोधनातून दिसले.

नामसाम्य म्हणजे वंशसातत्य नव्हे. घोडा बाहेरून आला म्हणून मराठी घोडदळाचे कर्तृत्व तसूभरही उणे होत नाही. ते कर्तृत्व घोड्याच्या जन्मस्थानाचे नव्हते, त्यावर मांड ठोकणाऱ्यांचे होते. अभिमानासाठी जीवाश्मांकडून खोटी साक्ष काढण्याची गरजच काय?