‘माणूस’मधील अपराध आणि लपवणूक

व्ही. शांतारामांचा ‘माणूस’ (प्रभात, १९३९) आला त्याच वर्षी दुसरे महायुद्ध पेटले. त्याच्या संहितेत मात्र युद्धाचा मागमूस नाही. तिच्यातील पहिली लपवणूक कायद्याच्या रक्षकाचीच आहे: वेश्यावस्तीवरील धाडीत शिपाई गणपत मैनेला वाचवतो. कर्तव्यच्युती त्याची, अपराधभाव वाहते ती. पुढे छळणाऱ्या नातलगाचा तिच्या हातून खून होतो. तेव्हा गणपत तिला तुरुंगातून सोडवू पाहतो, म्हणजे दुसरी लपवणूक. मैना ती नाकारते.

‘देवदास’ला दिलेले उत्तर म्हणून हा चित्रपट वाचण्याचा प्रघात आहे. त्या वाचनात गणपत नष्ट होत नाही एवढेच दिसते. शांता हुबळीकरांच्या गाण्याच्या लोकप्रियतेनेही (ती अद्याप ओसरलेली नाही) मैनेचा नकार झाकला गेला. वास्तविक चित्रपटातील एकमेव स्वतंत्र निर्णय तोच आहे.