डिजिटल नकाशावर गावाचा दर्जा : जुन्नर व आंबेगावच्या इतिहासाची साक्ष

ओपनस्ट्रीटमॅप (२००४) या लोकसहभागातून घडणाऱ्या नकाशावर प्रत्येक वस्तीला शहर, नगर वा गाव असा दर्जा द्यावा लागतो. तो केवळ लोकसंख्येवरून ठरवावा काय, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

भारतीय जनगणनेने १९६१ पासून किमान ५,००० लोकसंख्या, ७५ टक्के पुरुष कामगार बिगरशेती व्यवसायात आणि चौरस किलोमीटरला ४०० घनता हे निकष लावले. नगरपालिका असलेली वस्ती मात्र या निकषांविनाही नगर गणली जाते. म्हणजे शासकीय दर्जाही निव्वळ संख्येवर उभा नाही.

सातवाहनकाळी नाणेघाटाच्या व्यापारमार्गावरील जुन्नर पुढे, १४९४ मध्ये अहमदनगर वसण्यापूर्वी, निजामशाहीचे पहिले सत्ताकेंद्र होते. शेजारच्या आंबेगाव तालुक्यात स्थिती निराळी आहे : मुख्यालय घोडेगावी, मोठी बाजारपेठ मंचरला, तर ज्याच्या नावाने तालुका ओळखला जातो ते मूळ आंबेगाव डिंभे धरणाच्या जलाशयाखाली आहे. लोकसंख्येच्या निकषावर त्याचा दर्जा शून्य ठरेल. विस्थापितांच्या स्मृतीतून मात्र ते पुसले जाणार नाही.

तात्पर्य, लोकसंख्या, प्रशासन, बाजारपेठ व पूर्वेतिहास यांची नोंद स्वतंत्रपणे व्हावी आणि बुडालेले गाव ‘पूर्वीची वस्ती’ म्हणून नकाशावर राहावे.