छट्टीच्या आत गेलेली बाळं

माझ्या दादीला कुणी विचारलं, "मुलं किती?", तर ती लगेच उत्तर द्यायची नाही. क्षणभर थांबून म्हणायची, "अल्ला नौ दिया, पाँच रखा." गेलेल्या चौघांपैकी एक देवीच्या साथीत गेला. एक मुलगी चालायला लागल्यावर तापाने गेली. उरलेल्या दोघांबद्दल तिचं एकच वाक्य असायचं, "छट्टी के अंदरिच गए."

दोन्ही बाळं जन्मली तेव्हा धडधाकट होती. दोन दिवस दूध प्यायली. मग तोंड उघडेनाशी झाली, जबडा घट्ट बसला, हात लावला की अंग कमानीसारखं वाकायचं. तिच्या उदगीरकडच्या माहेरी याला आकडी म्हणत, कुणी नजर म्हणत, कुणी हवा लागली म्हणत. मी बीएड करत असताना आरोग्यशिक्षणाच्या पुस्तकात नवजात बाळाच्या धनुर्वाताची लक्षणं वाचली आणि दादीचं वाक्य आठवलं. जन्मानंतर दोन दिवस नीट दूध पिणारं बाळ तिसऱ्या ते अठ्ठाविसाव्या दिवसाच्या दरम्यान चोखणं सोडतं, ताठ होतं, झटके येतात. बहुतेकदा पहिल्या आठवड्याच्या आसपास.

आपल्याकडे छट्टी सहाव्या दिवशी असते. शेजारच्या हिंदू घरात पाचवी पुजतात, सटवाई येऊन बाळाचं नशीब लिहिते म्हणून रात्रभर दिवा तेवत ठेवतात. दोन्ही घरांत त्या रात्री बाळाला एकटं सोडत नाहीत. या रीती कुठून आल्या हे मी सांगू शकत नाही, पण माझा अंदाज असा की त्या रात्रींच्या भीतीत या आजाराचाही वाटा असावा. स्कॉटलंडजवळच्या सेंट किल्डा बेटावर एकोणिसाव्या शतकात याच आजाराला 'आठ दिवसांचा आजार' म्हणत. तिथे निम्म्याहून जास्त बाळं त्यात दगावण्याचे काळ येऊन गेले. शेवटी तिथल्या पाद्र्याने निर्जंतुक बाळंतपणाची पद्धत आणली आणि १८९० च्या दशकात तो आजार थांबला.

या आजाराचा जंतू मातीत आणि जनावरांच्या शेणात बीजरूपाने वर्षानुवर्षं टिकतो. नाळ विळ्याने किंवा गंजक्या पात्याने कापली, वर राख किंवा शेण लावलं, की तो जखमेतून आत जातो. जिथे अंगण शेणाने सारवायचं आणि त्याच हातांनी बाळंतपण करायचं, त्या मराठवाड्यात त्याला वाट शोधावी लागत नव्हती.

मग दोष दाईचा का? इंग्रजी अमलात हाच निष्कर्ष काढला गेला होता. भारतातल्या आयांसाठी देशभर वर्गणी गोळा करण्याचा पहिला मोठा प्रयोग १८८५ चा, व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी डफरिन यांच्या निधीचा. संस्थानिकांनी, सावकारांनी देणग्या दिल्या, शहरांत जनाना दवाखाने उभे राहिले. १९०३ मध्ये लेडी कर्झन यांनी दायांना शिकवण्यासाठी व्हिक्टोरिया राणीच्या नावाने वेगळा निधी काढला. त्या काळच्या लिखाणात दाई म्हणजे अडाणी, घाणेरडी बाई. पण तिच्या हातात स्वच्छ पातं, साबण आणि उकळलेला दोरा कुणी ठेवला होता? उदगीर तेव्हा निजामाच्या राज्यात, बीदर जिल्ह्यात. दादीच्या गावापर्यंत या निधींतलं काहीच आलं नाही. तिची बाळंतपणं केली ती गावातल्याच एका मांग समाजाच्या सुईणीने. दोन बाळं गेली तरी दादीने तिला कधी बोल लावला नाही. सात बाळं तिच्याच हातून जगली होती.

धनुर्वाताची लस १९२० च्या दशकातच फ्रान्समध्ये तयार झाली होती. दुसऱ्या महायुद्धात ती सैनिकांना दिली गेली. अमेरिकन सैन्यात लाखो जखमींमध्ये धनुर्वाताचे रुग्ण जेमतेम डझनभर निघाले. आईला लस दिली की तिच्या रक्तातलं संरक्षण वारेतून बाळाला मिळतं, हे १९६१ पर्यंत न्यू गिनीतल्या अभ्यासातून दिसलं होतं. भारताचा सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम मात्र सुरू झाला १९८५ मध्ये, आणि सगळ्या जिल्ह्यांत पोहोचायला त्याला आणखी काही वर्षं लागली. शिपायाची जखम आणि बाळंतिणीची जखम यांच्यात साधारण चाळीस वर्षांचं अंतर पडलं.

सुई आली तेव्हा तिच्यासोबत संशयही आला. तो संशय जाहिलपणातून आला, असं आपल्याबद्दल सहज म्हटलं जातं. पण आणीबाणी आठवा. १९७६ च्या सुरुवातीला लातूरच्या शेजारी, बार्शीत, बाजारहाटाला आलेल्या माणसांना धरून नसबंदी केल्याच्या तक्रारी गाजल्या. त्याच वर्षी महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झालं नाही. दहाच वर्षांनी सरकारी माणूस गरोदर बाईला सुई टोचायला दारात आला, तेव्हा "यह बच्चे बंद करने की सुई है" ही अफवा पसरायला फार कष्ट पडले नसतील. हा संशय फक्त मुसलमान वस्तीत नव्हता. तो वाड्यावस्त्यांवर, तांड्यांवरही होता.

१९८८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज होता की जगात त्या एका वर्षात ७ लाख ८७ हजार नवजात बाळं धनुर्वाताने गेली. १९८९ मध्ये ठराव झाला की १९९५ पर्यंत हा आजार हटवायचा. मुदत टळली. १९९९ मध्ये आयांनाही मोहिमेत धरून ती पुन्हा सुरू झाली. 'हटवणं' याचा अर्थ ठरवला गेला तो असा: देशातल्या प्रत्येक जिल्ह्यात वर्षाला दर हजार जिवंत जन्मांमागे एकाहून कमी रुग्ण. देवी जशी पृथ्वीवरून गेली तसा धनुर्वात जाणार नाही, कारण तो मातीत आहे.

इथे सेवाभावी क्लब येतात. आपल्याकडे रोटरी आणि लायन्स सगळ्यांना माहीत. किवानीस हे नाव मराठवाड्यात फारसं कुणी ऐकलेलं नाही. १९१५ मध्ये अमेरिकेतल्या डेट्रॉइटमध्ये सुरू झालेला हा क्लब. २०१० मध्ये त्याने युनिसेफसोबत आई आणि नवजात बाळाचा धनुर्वात हटवण्यासाठी ११ कोटी डॉलर उभे करण्याचा संकल्प सोडला. हिशेब साधा होता: एका बाईला तीन डोस देण्याचा खर्च १ डॉलर ८० सेंट. तेव्हाच्या भावाने ऐंशी रुपयांच्या आसपास. त्यांच्या सभासदांनी आणि शाळकरी मुलांनी नाष्ट्याचे कार्यक्रम करून, डबे फिरवून पैसे जमवले. हा पैसा नांदेड-लातूरला आला असं मी म्हणत नाही. भारताचं लसीकरण मुख्यतः सरकारी पैशावर चाललं. उलट, युनिसेफ जगभर पाठवत असलेल्या धनुर्वाताच्या लसीचा मोठा हिस्सा हैदराबाद आणि पुण्याच्या कारखान्यांतून जातो. नांदेडहून आग्नेयेला गेलं की एक शहर, पश्चिमेला गेलं की दुसरं.

मला या मोहिमेत महत्त्वाची वाटते ती एक गोष्ट. पोलिओ किंवा गोवर माणसाकडून माणसाला होतो. आजूबाजूच्या बहुतेकांनी लस घेतली तर न घेतलेल्यालाही थोडा आडोसा मिळतो. धनुर्वातात तो आडोसा नाही. गावातल्या ९९ बायकांनी लस घेतली तरी शंभरावीच्या बाळाला त्याचा काहीही उपयोग नाही. म्हणून हा आजार एक प्रकारची जनगणना करतो. कुठल्या घरी आपण गेलो नाही, कुठल्या तांड्यावर रस्ता नाही, कुठल्या गल्लीत आपल्यावर विश्वास नाही, याची नेमकी यादी तो देतो.

आता धर्माचं. कुठल्याही लसीची चर्चा निघाली की बोट आपल्याकडे वळतं. धनुर्वाताचा क्रम बघा. इजिप्तने हा टप्पा २००७ मध्ये गाठला, बांगलादेशाने २००८ मध्ये, तुर्कीने २००९ मध्ये. भारताला त्याची मान्यता मिळाली २०१५ मध्ये. महाराष्ट्राने तो बऱ्याच आधी गाठला होता, शेवटचं राज्य नागालँड ठरलं. इंडोनेशिया २०१६ मध्ये आला. इस्लाम आडवा येत असता तर बांगलादेश आपल्या सात वर्षं आधी पुढे गेला नसता. पण हेही प्रामाणिकपणे म्हटलं पाहिजे की अलीकडेपर्यंत यादीत अडकून राहिलेल्या मोजक्या देशांत पाकिस्तान, अफगाणिस्तान, येमेन, सोमालिया, सुदान ही नावं होती. बहुतेक ठिकाणी युद्ध आहे. पाकिस्तानात पोलिओच्या थेंबांबद्दलचा संशय आणि लस देणाऱ्या बायकांवर झालेले गोळीबार आपण वाचलेत. त्याचं समर्थन कुठल्याही मिंबरवरून होऊ नये.

विश्वास कसा कमावतात याचं उदाहरण आपल्याच देशात आहे. रोटरीने पोलिओसाठी १९८५ पासून पैसा उभा केला, पण उत्तर प्रदेशात नुसत्या पैशाने थेंब पोटात गेले नाहीत. तिथे रोटरीने उलेमांची समिती केली, मशिदींतून आवाहनं झाली, मोहल्ल्यातल्या बायका घरोघर गेल्या. भारतातला पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मधला, पश्चिम बंगालची एक मुसलमान मुलगी. मार्च २०१४ मध्ये आपला देश पोलिओमुक्त जाहीर झाला.

धनुर्वाताच्या बाबतीत आपल्या दोन जिल्ह्यांत हे काम केलं ते उपकेंद्राच्या नर्सबाईंनी आणि २००५ नंतर आशाताईंनी. पाच स्वच्छता (हात, जागा, पातं, दोरा, नाळ) त्यांनी दायांना आणि घरोघर शिकवल्या. त्यांच्या नावाने कुठे पाटी नाही.

म्हणजे गोष्ट संपली का? ऑक्टोबर २०२३ च्या पहिल्या दिवसांत नांदेडच्या सरकारी रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावल्याची बातमी देशभर गेली. त्यात १२ नवजात बाळं होती. औषधं कमी होती की नव्हती यावर दावे-प्रतिदावे झाले, उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. त्या बाळांचे आजार वेगळे होते. नाळ कापायला आता निर्जंतुक पातं असतं. पण कमी वजनाच्या बाळाला ऊब, खाट आणि रात्रपाळीला पुरेशा सिस्टर लागतात. १ डॉलर ८० सेंटांत हे बसत नाही, आणि त्यासाठी डेट्रॉइटमध्ये कुणी डबा फिरवणार नाही. ते आपण सरकारकडे हक्काने मागायचं आहे.

आणि काही आपण करायचं आहे. रमजानमध्ये आपल्या वस्त्यांत जकात आणि सदका किती निघतो, हे प्रत्येकाला ठाऊक आहे. सूरह लुकमानमध्ये आईच्या गरोदरपणातल्या कष्टांचा उल्लेख येतो, त्यावर बयान होतं, डोळे पाणावतात. त्याच मोहल्ल्यात सातव्या महिन्यातली एखादी बाई पाच-सहा हिमोग्लोबिन घेऊन भांडी घासत असते. तिच्या गोळ्या, तपासणीला जायचा रिक्षाखर्च, रक्ताची बाटली, रुग्णालयात सोबत बसणारी एक जाणती बाई हा सदक्याचा खर्च का नसावा? सदका द्यायला समोरची मुसलमानच असली पाहिजे असंही नाही. ज्या सुईणीने माझ्या वडिलांची नाळ कापली, ती कोण होती हे मी वर लिहिलंच आहे.

दादी गेली तेव्हा तिची पाचही मुलं तिच्या खाटेभोवती होती. शेवटच्या दिवसांत ती अधूनमधून नऊ नावं घ्यायची. छट्टीच्या आत गेलेल्या दोघांची नावं ठेवायची राहून गेली असतील, असं आम्ही धरून चाललो होतो. तिने ती ठेवली होती.