छापता न येणारी दुरुस्ती

सीएसएमटीला लोकल पकडायला धावताना वर बघायला कुणाला वेळ असतो? पण कधी गाडी लेट असेल तर तिथल्या दगडी नक्षीकडे बघा. पानं, वेली, पक्षी, प्राणी. १८८८ साली पूर्ण झालेल्या या इमारतीच्या सजावटीत जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांचा मोठा वाटा होता. नक्षी करायला शिकण्याआधी या मुलांना कागदावर रेषा ओढायला शिकवलं जाई. आधी सरळ, मग वळणदार, मग पानाच्या कडेची. हा क्रम ठरला होता लंडनमध्ये, आणि तोही कलावंत घडवण्यासाठी नव्हे, तर कारखान्यांसाठी.

इंग्लंडचं कापड आणि भांडी यंत्रावर भराभर तयार होत, पण नक्षीत फ्रेंच माल सरस ठरे. म्हणून सरकारने १८३७ मध्ये लंडनला डिझाइनची शाळा काढली. १८५१ च्या जागतिक प्रदर्शनात उणीव पुन्हा उघडी पडली. गंमत म्हणजे त्याच प्रदर्शनात भारतीय कापड आणि धातुकाम बघून तिथले जाणकार थक्क झाले होते. पुढच्याच वर्षी हेन्री कोल या अधिकाऱ्याकडे कलाशिक्षणाचं खातं आलं आणि रिचर्ड रेडग्रेव्ह या चित्रकाराच्या मदतीने एक अभ्यासक्रम बांधला गेला. त्याचे २३ टप्पे होते. पहिल्यात पट्टी आणि कंपास. मग छापील नमुन्यावरून मुक्तहस्त बाह्यरेषा, मग प्लास्टरच्या प्रतिकृतीवरून, मग छायाप्रकाश. माणसाची आकृती त्यानंतर, रंग आणखी पुढे.

आज हे वाचताना कंटाळवाणं वाटतं. पण यामागचं गृहीतक त्या काळासाठी धाडसी होतं. चित्र काढणं ही दैवी देणगी नाही, ते बाराखडीसारखं शिकवता येतं, सुताराच्या आणि विणकराच्या मुलालाही. ‘माझ्या हातात कला नाही’ असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला हा अभ्यासक्रम सांगत होता, ये, बस, पहिली रेष ओढ.

तोच मुंबईत आला. चीनशी कापूस आणि अफूचा व्यापार करून श्रीमंत झालेले सर जमशेटजी जीजीभॉय यांनी कलाशाळेसाठी १ लाख रुपये देऊ केले आणि मार्च १८५७ मध्ये वर्ग सुरू झाले. ज्या देशाची नक्षी बघून लंडन थक्क झालं होतं, त्याच देशातल्या मुलांना आता लंडनच्या क्रमाने नक्षी शिकवली जाणार होती. हा विरोधाभास खराच. पण त्या वर्गात आणखीही काही घडत होतं. १८६५ मध्ये लॉकवुड किपलिंग शिल्पकाम शिकवायला आले. जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जाऊ लागले. लेण्यांतल्या चित्रांच्या प्रती करण्याचं काम १८८५ पर्यंत टप्प्याटप्प्याने चाललं. अंधाऱ्या लेण्यात, पोपडे उडालेल्या भिंतीसमोर, छापील नमुन्याचा काय उपयोग? तिथे लागतो शेजारी उभा राहून ‘हा खांदा खाली आलाय’ म्हणणारा माणूस.

माझ्या मते या सगळ्या इतिहासाची गोम इथे आहे. सराव छापून जगभर पाठवता येतो. दुरुस्ती तशी पाठवता येत नाही.

लंडनला हे महागात पडलं. निकालावर शाळांना पैसे मिळू लागले आणि चित्रं तपासायला केंद्राकडे जाऊ लागली. मग मुलं एकाच प्लास्टरच्या प्रतिकृतीवर महिनोन्महिने खडूचे बारीक ठिपके देत बसू लागली. गुळगुळीत छाया परीक्षकाला दुरूनही दिसते. मुलाची नजर सुधारली का, हे मात्र दुरून दिसत नाही.

छापील धडे एकट्याने गिरवून माणूस कुठवर जातो, याचं उत्तर त्याच काळातल्या एका डच माणसाने देऊन ठेवलं आहे. १८८० साली व्हिन्सेंट व्हॅन गॉग सत्तावीस वर्षांचा होता, बेल्जियमच्या खाणपट्ट्यात राहत होता. त्याने शार्ल बार्ग या फ्रेंच चित्रकाराच्या अभ्यासक्रमाची छापील चित्रं मागवली आणि एकामागून एक गिरवून काढली. पूर्ण संचात अशी १९७ चित्रं होती. हात तयार झाला. पुढच्या वर्षाअखेरीस तो आपली चित्रं घेऊन नात्यातल्या आंतोन मोव्ह या चित्रकाराकडे गेला. मोव्हने बघताच सांगितलं की तू मॉडेलच्या फार जवळ बसतोस. इतक्या जवळून प्रमाण मोजताच येत नाही. १९७ पैकी एकही चित्र हे सांगू शकलं नसतं, कारण तो कुठे बसतो हे छापील कागदाला दिसत नाही. पुढे प्लास्टरवरून काढण्याच्या आग्रहावरून दोघांचं बिनसलं, तो भाग वेगळा. पण त्या एका वाक्याचं मोल व्हॅन गॉगला कळलं होतं. त्याने ते भावाला पत्रात कळवलं.

आपल्याकडे त्या क्रमाचा वारसा एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांमधून घरोघरी पोचला. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती, अक्षरलेखन. तालुक्याच्या गावातली मुलंही पॅड आणि पाण्याची बाटली घेऊन केंद्रावर बसतात, ही साधी गोष्ट नाही. इतक्या मुलांना यात ओढणारी दुसरी व्यवस्था मला माहीत नाही. पण निकालात येतं एक अक्षर. ए, बी किंवा सी. तांब्याचं तोंड टोकदार झालं होतं की बूड सपाट, हे त्या अक्षरात मावत नाही. सी मिळालेलं मूल पुढे आयुष्यभर ‘मला चित्रकला येत नाही’ म्हणतं आणि नेमकं काय येत नाही, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

मी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्याकडे कोड तपासणारा सहकारी ‘बी ग्रेड’ म्हणून मोकळा होत नाही. कुठल्या ओळीत काय बिघडलंय ते लिहितो. म्हणूनच बहुधा रविवारच्या चित्रकलेच्या वर्गात मला सर्वांत जास्त आवडतो तो सरांचा ट्रेसिंग पेपर. निवृत्त ड्रॉइंग मास्तर आहेत. विद्यार्थ्याच्या चित्रावर ते कधी रेघ मारत नाहीत. वर ट्रेसिंग पेपर ठेवून तांब्याच्या तोंडाचं आणि बुडाचं लंबवर्तुळ काढतात आणि विचारतात, “तू वरून बघतोयस ना? मग बुडाचा गोल तोंडाच्या गोलापेक्षा जास्त उघडा दिसेल की नाही?” विद्यार्थी मान वर करून पुन्हा तांब्याकडे बघतो. या वेळी त्याला तो गोल दिसतो.

याला दोन मिनिटं लागतात. वर्गात साठ मुलं असली की दोन तास. कोलच्या अभ्यासक्रमापासून आजच्या परीक्षेपर्यंत प्रत्येक व्यवस्थेने नेमके हेच दोन तास वाचवले. कुठल्याही शाळेत चित्रकलेच्या तासिका मोजल्या जातील तेव्हा हिशेब याच दोन तासांचा व्हायला हवा. रेषांचे नमुने आता फुकट मिळतात. शेजारी उभं राहून बघणाऱ्या माणसाचा पगार मात्र कुणीतरी द्यावा लागतो.