हैदराबादचा इराणी चहा आणि मधुमेह

हैदराबादेत चहाची सवय रुजली ती विसाव्या शतकात. 1903च्या चहा उपकर कायद्यातून उभा राहिलेला निधी भारतात चहाचा खप वाढवण्यासाठीही वापरला गेला. मुंबई-पुण्यात जम बसवलेल्या इराणी हॉटेलवाल्यांपैकी काहींनी निजामाची राजधानी गाठली. सातव्या निजामाचे थोरले पुत्र हिमायत अली खान यांचे नाव लाभलेल्या हिमायतनगरच्या परिसरातही कॅफे बहारसारख्या हॉटेलांत इराणी चहाची परंपरा टिकून आहे.

इराणी चहाची खरी ओळख त्याच्या कृतीत आहे. चहाचे पाणी झाकलेल्या भांड्यात मंद आचेवर बराच वेळ मुरते. दूध वेगळे आटवतात आणि कपात दोन्ही एकत्र करतात. सोबत उस्मानिया बिस्किट असते.

या चहाचा मधुमेहाशी संबंध पाहायचा, तर आधी चहातील द्रव्ये पाहावी लागतात. हिरव्या चहात कॅटेचिन ही द्रव्ये भरपूर असतात. इराणी चहासाठी लागणारी काळी पूड तयार होताना त्यांचे ऑक्सिडीकरण होते आणि त्यांतून थिआफ्लेविन व थिआरुबिगिन तयार होतात. चहाचा रंग आणि तुरटपणा बराचसा त्यांचाच. कॅटेचिन पिष्ट पचवणाऱ्या विकरांचा वेग कमी करतात, असे प्रयोगशाळेत दिसते. हिरव्या चहाने रक्तातील एलडीएल कोलेस्टेरॉल किंचित उतरते, हे माणसांवरील चाचण्यांतून दिसले आहे. रक्तशर्करेबाबतचे निष्कर्ष मात्र एकसारखे नाहीत. म्हणून चहाला मधुमेहावरचे औषध मानता येत नाही.

दुधातील केसीन ही प्रथिने कॅटेचिनांना चिकटतात. बर्लिनमध्ये केलेल्या आणि 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात दूध घातल्यावर काळ्या चहाचा रक्तवाहिन्यांवरील अनुकूल परिणाम नाहीसा झाला. साखरेचा प्रश्न त्याहून गंभीर आहे. प्रत्येक कपात 10 ग्रॅम साखर धरली, तर चार कपांत 40 ग्रॅम होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसभराची साखर 25 ग्रॅमच्या आसपास राहिली तर अधिक चांगले.

याच शहरात, तारनाका येथे राष्ट्रीय पोषण संस्था आहे. तिच्या 2024च्या आहारसूत्रांनुसार जेवणाआधी आणि नंतर किमान तासभर चहा टाळावा, कारण त्यातील टॅनिन अन्नातले लोह शोषू देत नाही. दिवसाला कॅफिन 300 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे. एका कप चहात ते 30 ते 65 मिलिग्रॅम असते. भारतात 10 कोटींहून अधिक मधुमेही असल्याचा अंदाज 2023 साली प्रसिद्ध झाला. अशा देशात बिनसाखरेचा कोरा चहा हाच या पेयाचा सर्वांत निर्धोक प्रकार ठरतो.